सासऱ्यांबरोबर बर्फात

सासूबाई गेल्या त्याला तीनेक महिने झाले होते. डिसेंबरात नवऱ्याला सिंगापूरहून ऑफिसच्या कामासाठी मँचेस्टरला जायचं होतं आणि मुलीच्या शाळेला सुट्टी लागली होती. तो म्हणाला, "सगळेच जाऊ. बाबांना तेवढाच बदल." माझ्याविषयी असं काही म्हणाला नाही. मला ते तेव्हा खटकलंही नाही. त्या दिवसांत मला काहीच खटकत नव्हतं. कपडे धुऊन व्हायचे, स्वयंपाक व्हायचा, मी बुओना व्हिस्टाला ऑफिसात जाऊन यायचे, मीटिंगमध्ये बोलायचे. लोक म्हणायचे, किती छान सावरलंस तू घर.

सासू-सासरे आमच्याकडे राहायला आले ते मुलगी रांगायला लागली तेव्हा. बुकित पंजांगचा आमचा फ्लॅट तेव्हा तिघांना पुरायचा, मग पाच जणांनाही पुरला. सुरुवातीची वर्षं सासूबाईंचं आणि माझं काही फार गोडीगुलाबीचं नव्हतं. मी ऑफिसातून यायचे तोवर त्यांनी माझे डबे वेगळ्या फळीवर लावलेले असायचे. मी ते परत जागेवर लावायचे. दोघी एकमेकींना काही बोलत नव्हतो, डबे मात्र वर्षभर फिरत होते. मग कधीतरी मी दमले आणि त्यांच्याच पद्धतीने स्वयंपाकघर चालू लागलं. खरं सांगायचं तर ती पद्धत चांगली होती.

त्या आजारी पडल्या आणि सगळं बदललं. नवरा रॅफल्स प्लेसला ऑफिसात सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. माझ्या ऑफिसने मला घरून काम करायची मुभा दिली. म्हणून केमोला मी न्यायचे, आणायचे, आंघोळ मी घालायचे. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, ते बघवायचं नाही. ते हॉलच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. खिडकीसमोरून एलआरटी, म्हणजे उंचावरून धावणारी छोटी मेट्रो, जाते. इमारतींजवळ आली की त्या गाडीच्या काचा आपोआप पांढऱ्या होतात, आतल्या लोकांना आमची घरं दिसू नयेत म्हणून. बाबा त्या पांढऱ्या काचांकडे बघत बसायचे आणि मी आत बाथरूममध्ये आईंच्या पाठीला साबण लावत असायचे. आई म्हणायच्या, "तुला काय काय करायला लागतंय गं." मी म्हणायचे, "हात वर करा." आमच्यात असंच बोलणं व्हायचं.

त्या गेल्या सकाळी, हॉस्पिटलात. नवरा एमआरटीत, म्हणजे मेट्रोत होता, बाबा खाली चहा आणायला गेले होते. मी एकटीच होते जवळ.

मग लोक आले. मराठी मंडळी डबे घेऊन आली. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून बसली, बाबांचे हात हातात घेऊन बसली. माझ्याकडे बघून विचारायची, "वहिनी, आमटी कुठे ठेवू?" मी सांगायचे. ऑफिसात मी सांगितलं तर समोरची मुलगी म्हणाली, "ओह, मदर-इन-लॉ," आणि 'इन-लॉ'वर तिचा आवाज जरा हलका झाला. त्यात तिची काही चूक नव्हती. माझी स्वतःची आई नाशिकला ठणठणीत आहे. ती फोनवर म्हणाली, "जावयांना जप हो. आई गेलीय त्यांची." मी म्हटलं, हो. मी जपत होते. रडले मात्र एकदाही नाही. रडू आवरत होते असंही नाही, आत काही हलतच नव्हतं.

तर आम्ही इंग्लंडला गेलो. पहिला आठवडा मँचेस्टरच्या पावसात गेला आणि शनिवार-रविवारसाठी नवऱ्याने गाडी भाड्याने घेऊन आम्हाला उत्तरेला तळ्यांच्या प्रदेशात नेलं. एका तळ्याकाठच्या गावात, एका बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. आदल्या रात्री बर्फ पडलं होतं. सकाळी मुलीने पडदा सारला आणि किंचाळली, "आजोबा, come see! So white lah!" बाबा उठून खिडकीशी गेले. बराच वेळ उभे राहिले. मग मागे वळून मला म्हणाले, "वर जाता येतं का?"

बाबा मूळचे चिपळूणकडचे, नोकरी पुण्यात पाटबंधारे खात्यात. तरुणपणी सह्याद्रीत खूप हिंडलेले. सिंगापूरला आल्यावर रोज सकाळी बुकित तिमाहची टेकडी चढून यायचे. आई गेल्यापासून त्यांनी तेही सोडलं होतं. त्यामुळे त्यांनी आपण होऊन काही विचारलं याचंच सगळ्यांना अप्रूप वाटलं. नवरा लगेच म्हणाला, "जाऊ की, सगळेच जाऊ," आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सोमवारच्या कुठल्या तरी कामाचा घोळ झाला होता. तो लॅपटॉप उघडून बसला. मुलीला मागच्या अंगणात बर्फाचा माणूस करायचा होता. मग बाबा आणि मी उरलो.

घरमालकीण बाई पासष्टीच्या असतील. त्यांनी टेबलावर नकाशा पसरून वाट दाखवली. तिथे डोंगरांना फेल म्हणतात. बाबांनी मला मराठीत विचारलं, "काय म्हणाल्या, फेल?"

"हो. डोंगर म्हणजे फेल."

"आणि ही मधली खिंड?"

"ती पास."

बाबांनी नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मग पासपर्यंतच जाऊ. फेल नको या वयात." चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण तो विनोदच होता. मी तीन महिन्यांनी ऐकलेला त्यांचा पहिला विनोद. मी हसायला हवं होतं. मी म्हटलं, "चालेल."

बाईंनी आम्हाला बुटांना खालून चढवायच्या काटेरी साखळ्या दिल्या, लोकरीचे जादा मोजे पिशवीत टाकायला लावले, आणि बजावलं की वरच्या लहान तळ्याशी जा, डबे खा, आणि परत या. खिंडीत जायचं तर ढग नसेल तरच. चार वाजायच्या आतच अंधार पडतो इथे, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

वाट गावाच्या मागून निघाली. दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं, मातीचुन्याशिवाय नुसते दगडावर दगड रचलेले. बाबा थांबून एकाला हात लावून म्हणाले, "गडगाच आहे की आपला." कोकणात अशाच कुंपणांना गडगा म्हणतात. त्यावर वीतभर बर्फ बसलं होतं. पलीकडे मेंढ्या उभ्या होत्या, करड्या, पाठीवर बर्फ घेऊन, कुणीतरी टाकलेला चारा खात. खाली मोठं तळं होतं, पाणी काळं. वर सगळे डोंगर पांढरे आणि त्यांच्यावर तेवढंच पांढरं आभाळ. छान होतं. मला ते छान आहे हे कळत होतं, एखाद्या पाटीवर लिहिलेलं वाचावं तसं. मी फोन काढून फोटो घेतला आणि फोन परत खिशात ठेवला.

बाबा पुढे, मी मागे. त्यांची चाल मला माहीत नव्हती. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांच्यामागून अशी कधी चाललेच नव्हते. ते पाऊल टाकायचे, थांबायचे, काटे रुतल्याची खात्री करायचे, मग दुसरं. घाई नाही. शेजारून ओढा वाहत होता, कडेचं पाणी गोठलेलं आणि मधून आवाज येणारा. एकदा त्यांनी मागे न बघता विचारलं, "पाय ओले झाले का?" मी म्हटलं, "नाही."

वरचं तळं गोठलेलं होतं. अगदी सपाट, त्यावर बर्फ, आणि बर्फावर कुठल्याशा पक्ष्याच्या पायांची रेघ सरळ पलीकडे गेलेली. आम्ही एका खडकाच्या आडोशाला बसलो. मी सकाळी बाईंच्या स्वयंपाकघरात केलेल्या पोळ्या, बटाट्याची भाजी काढली. भाजी गार होऊन घट्ट झाली होती. थर्मासमधला चहा तेवढा गरम होता. बाबा खाता खाता खिंडीकडे बघत होते. ढग होता, पण पातळ होता. "जाऊन येऊ," ते म्हणाले. मला नाही म्हणायला हवं होतं, पण नाही म्हणायलाही काहीतरी वाटावं लागतं. मी डबा बंद केला.

चढ उभा होता. अर्ध्या वाटेवर वारा सुरू झाला. बर्फाची भुकटी तोंडावर येत होती, रवा उडावा तशी. बाबांच्या एका बुटाची साखळी सुटली. ते एका गुडघ्यावर बसले, हातमोजे काढून मांडीखाली धरले आणि साखळी ओढून बसवायला लागले. मी म्हटलं, "थांबा, मी लावते," आणि पुढे व्हायच्या आत वाऱ्याने दोन्ही हातमोजे उचलले. एक उतारावरून घरंगळत गेला, दुसरा कुठे गेला तेही दिसलं नाही. साखळी नीट बसेपर्यंत त्यांची बोटं मेणबत्तीच्या रंगाची झाली होती.

"दुखतायत का?"

"नाही," ते म्हणाले. "काहीच कळत नाहीये."

दुखत असती तर बरं, एवढं मला माहीत होतं. मी त्यांना ओढतच एका मोठ्या दगडामागे नेलं, खाली बसवलं, माझ्या जॅकेटची चेन उघडली आणि म्हटलं, "बाबा, हात द्या. इथे, माझ्या काखेत धरा."

ते बघतच राहिले. "अगं, राहू दे. खिशात घालतो मी."

"खिशाने होणार नाही. द्या."

आमच्या घरात कुणी कुणाला मिठी मारत नाही. मुलगी मारते, ती सिंगापूरची आहे. मी सासऱ्यांना वाकून नमस्कार करते, औषधाची गोळी हातावर ठेवते, तेवढाच स्पर्श. त्यांनी हात पुढे केले आणि मान बाजूला वळवली. मी ते हात स्वेटरवरून काखेत दाबून धरले आणि वरून जॅकेट ओढून घेतलं. स्वेटरमधूनही गारवा आत आला. आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो, ते एकीकडे बघत होते, मी दुसरीकडे. दोन्ही बाजूंना काहीच नव्हतं. सगळं पांढरं.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तिच्याही बोटांचं असंच झालं होतं ना? शेवटी शेवटी बटण लागायचं नाही तिला."

"हो. औषधांमुळे."

"मला वाटायचं, ती मुद्दाम तुला हाक मारते. बटणासाठी." मग म्हणाले, "त्या सकाळी मी चहा आणायला गेलो."

मी जॅकेट आणखी घट्ट ओढून घेतलं.

"रांग होती. एक जण सुट्टे शोधत बसला होता. मी आलो तेव्हा झालं होतं सगळं. मी तुला कधी विचारलंच नाही. काय झालं गं?"

मला कुणीच विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी वेळ विचारली होती, नवऱ्याने "त्रास झाला का?" एवढंच विचारलं होतं आणि मी नाही म्हटल्यावर तो पुढे फोन करायला लागला होता. त्यामुळे मी ते कधी शब्दांत मांडलं नव्हतं. आता मांडताना ते लहानसंच निघालं.

"काही नाही बाबा. पाणी मागितलं. मी कापसाने ओठ ओले केले. मग म्हणाल्या, पंखा बंद कर गं, केस उडतायत तोंडावर."

"पंखा?"

"पंखा नव्हता. एसी होता. आणि केस..."

"हो," ते म्हणाले. "मग?"

"मी उठले. भिंतीशी जाऊन बटण बंद केल्यासारखं केलं. म्हटलं, केला बंद. त्या म्हणाल्या, हां. मग मी परत येऊन बसले तर..."

बाबांच्या तोंडून एक आवाज आला. मला वाटलं रडले. पण ते हसले होते, किंवा त्या दोन्हींच्या मधलं काहीतरी. "तिला पंखा कधी सोसलाच नाही," ते म्हणाले. "मे महिन्यात पुण्यात आम्ही घामाने निथळतोय आणि ही एकवर कर, एकवर कर म्हणून मागे लागायची. भांडणं व्हायची आमची."

मग ते माझ्याकडे वळले. इतक्या जवळून मी त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता. भुवयांवर बर्फ बसलं होतं.

"माझी बायको गेली," ते म्हणाले, "त्याची आई गेली, पोरीची आजी गेली. तुझं कोण गेलं ते कुणी बोललंच नाही."

"सासू," मी म्हटलं.

"ते आहेच," ते म्हणाले.

इथे मला रडू यायला हवं होतं. मी वाटही पाहिली, अगदी खरं सांगते. नाक वाहत होतं, ते थंडीने. आत शांत होतं. पण त्या शांततेत एक बारीक फरक पडला होता. शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी राहायला आल्याचा आवाज यावा, इतपतच.

मग त्यांनी "आई गं" म्हणून हात ओढला. बोटांत रक्त परत आलं होतं आणि आता ती सणकून दुखत होती. "दुखतंय?" मी विचारलं. "फार," ते दात आवळून म्हणाले. मी म्हटलं, "बरं झालं." ते माझ्याकडे बघायला लागले. मी पिशवीतले लोकरीचे मोजे काढून त्यांच्या हातांत चढवले. बाईंचे मोजे लांब होते, पार कोपरापर्यंत आले.

खिंड वर थोड्याच अंतरावर होती. तिथून पलीकडचं दुसरं तळं दिसतं असं बाईंनी सांगितलं होतं. मी वर बघितलं, बाबांनी वर बघितलं. ढग आता दाट झाला होता. "इथपर्यंत आलो, पुष्कळ झालं," ते म्हणाले आणि उतरायला लागले. उतरताना मी पुढे होते. ते मागून सांगत होते, टाच आधी टेक, वाकू नकोस, घाबरू नकोस. मी घाबरले नव्हते, पण टाच आधी टेकत गेले.

खालच्या गडग्यांपाशी पोचेतो उजेड निळा झाला होता. नवरा आणि मुलगी वाटेवर उभे होते. नवऱ्याचा चेहरा उतरला होता. "फोन का नाही उचलला? मी किती वेळा..." मग त्याने बाबांच्या हातांकडे बघितलं. "हे काय?"

मुलगी ओरडली, "आजोबा is wearing socks on his hands!"

बाबा म्हणाले, "हिने मला वाचवलं." आणि माझ्याकडे न बघता घराकडे चालू लागले. नवरा मला विचारत राहिला, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, "हातमोजे उडाले." तो म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, "आईंबद्दल बोललो थोडं." त्याने माझी पिशवी घेतली. फाटकाशी आल्यावर म्हणाला, "काय बोललात?" मी म्हटलं, "सांगते." त्या संध्याकाळी मुलगी झोपल्यावर मी त्यालाही पंख्याचं सांगितलं. तो रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. दहा वाजून गेले होते. खाली बाई म्हणाल्या, तुमच्या सासऱ्यांनी सांगितलं, हिला उठवू नका. मी गार टोस्ट खाल्ले, त्यावर त्यांनी केलेला संत्र्याचा मुरांबा होता, कडवट. चांगला लागला. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा एखाद्या गोष्टीला चव असल्यासारखी लागली. म्हणून मी आणखी एक मागून घेतला.

जानेवारीत सिंगापूरला परतल्यावर बाबांनी सांगितलं, मला पुण्याला जायचंय. नवऱ्याने खूप समजावलं, एकटे कसे राहाल, इथे राहायचा पास आहे, नात आहे. ते ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "येईन मी अधूनमधून." मला त्यांचं म्हणणं कळत होतं. त्यांना आमच्या खिडकीशी बसायचं नव्हतं. मी त्यांचं सामान भरलं.

मार्चमध्ये मी आठवड्याची रजा काढून पुण्याला गेले. एकटीच. माझ्या आईला ते विचित्र वाटलं. "सासऱ्यांकडे एकटी? आणि माहेरी?" मी म्हटलं, परतताना दोन दिवस येते. बाबांनी घर स्वच्छ ठेवलं होतं, भात करायला शिकले होते, आणि रोज सकाळी टेकडीवर जायला लागले होते. पहिल्या दिवशी मला घेऊन गेले. पानगळ झालेली, माती तापायला लागलेली, सात वाजताच घाम. वर एका बाकाशी त्यांचे फिरायला येणारे एक मित्र भेटले. ते गावाला गेलेले होते, बाबा परतल्यापासून पहिल्यांदाच भेटत होते. त्यांनी बाबांचा हात धरला. "फार वाईट झालं. वहिनी म्हणजे..." वगैरे बोलले. बाबांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "ही माझी सून. हिच्याशी बोला. शेवटी हीच होती तिच्याजवळ. हिचं जास्त गेलंय."

मित्र गोंधळले. सुनेचं सांत्वन कसं करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते कसं करून घ्यायचं ते मला ठाऊक नव्हतं. त्यांनी हात जोडले. मीही जोडले. ते म्हणाले, "तुम्हाला सवय झाली असेल त्यांची."

"हो," मी म्हटलं. "झाली होती." आणि घसा एकदम दाटून आला. फार नाही. दोन-तीन वेळा गिळावं लागलं इतकाच. मी रुमाल काढला नाही, घाम पुसतात तसा हाताने चेहरा पुसला.

मित्रांनी बाबांकडे वळून टेकडीतून काढायच्या नव्या रस्त्याचा विषय काढला. किती झाडं जाणार, विरोधाच्या पत्रावर सही करायला कुठे जायचं. बाबा तावातावाने बोलायला लागले. मी बाकावर बसून ऐकत होते. ऊन पाठीवर येत होतं.